मुरणांक

आप्पांना औषध अजून टोचलेलंच नव्हतं, आणि यंत्र सांगत होतं की ते एकतीस मुरलंय.

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली माणसंही शेवटी हेच करतात. पुन्हा एकतीस.

"किती आलं?" आप्पांनी विचारलं. गळ्यावर चिमटा लावलेला, मान तिरपी, आणि डोळे माझ्या तोंडाकडे.

"एकतीस."

"शंभरातले?"

"आप्पा, शून्य यायला पाहिजे होतं."

"मग एकतीस चांगलंच की! शाळेत मला एवढे कधी पडले न्हाईत."

आप्पा म्हणजे गुरुपाद शेटे, माझे सासरे. मिरजेत आणि सांगलीत ज्यांच्या घराच्या भिंतीतून पाणी येतं ते सगळे त्यांना ओळखतात. चाळीसेक वर्षं त्यांनी लोकांच्या गच्च्या आणि मोऱ्या कोरड्या केल्या. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटांनी टकटक करणार आणि मग चहा घेणार. माझ्या माहेरी मला बघायला आले तेव्हाही त्यांनी आधी भिंत वाजवली होती. "पोरगी चांगली हाय, पण मागच्या खोलीत वल हाय," असा त्यांचा अभिप्राय होता.

अशा माणसाच्या स्वतःच्या भिंती मात्र खराब निघाल्या. शाळेच्या पुस्तकात होतं ना, हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि परत आणणारी ती नीला? माझं नाव रोहिणी आहे, त्यामुळे वर्गात या धड्याला माझे फार हाल झाले. तर आप्पांच्या हृदयाच्या तिन्ही रोहिण्यांमध्ये मेदाचं किटण साचलं होतं. साखर होती, मूत्रपिंडं थकली होती, त्यामुळे छाती उघडायला कोणी सर्जन तयार नव्हता. एक जिना चढला की ते मधल्या पायरीवर उभे राहायचे आणि भिंत तपासतोय असं दाखवायचे. ते मला दिसायचं.

एकच उपाय उरला होता, आणि तो नेमका मी नोकरी करते त्या हृदयकेंद्रात होता. उपाय असा. एक औषध शिरेतून टोचायचं. ते स्वतः काही करत नाही, सरकारी पाहुण्यासारखं नुसतं फिरतं. पण किटण साचलेल्या भिंतीत ते जाऊन मुरतं आणि बाकीच्या शरीरातून निघून जातं. मग केसाएवढ्या काचेच्या तंतूतून तिथे ठरावीक तांबडा उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध जागं होतं, शेजारच्या प्राणवायूला चिथावतं, आणि चिथावलेला प्राणवायू किटण जाळून काढतो. पाच-सहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते. आता आमच्याकडे त्याची चाचणी चालू होती.

अडचण एकच. औषध कमी मुरलं तर उजेड वाया. जास्त मुरलं तर किटणाबरोबर भिंतही जळणार, आणि हृदयाची भिंत पुन्हा बांधून मिळत नाही. म्हणून किती मुरलंय ते आधी मोजायचं. त्या औषधावर मंद उजेड टाकला की ते त्याहून गडद तांबडा उजेड परत देतं. तो परतीचा उजेड मोजायचं यंत्र हे माझं काम. गळ्यातली रोहिणी कातडीच्या अगदी जवळ असते, तिच्यावर चिमटा लावला की मिनिटभरात आकडा. आम्ही त्याला आधी 'शोषण निर्देशांक' म्हणत होतो. दारावर तशी पाटी लागली आणि दुसऱ्याच दिवशी कामगार युनियनचे दोघं जण, इथे नेमकं कुणाचं शोषण मोजतात, ते विचारायला आले. घरी हे सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "भिंतीत किती मुरलं ते बघायचं न्हवं? मग मुरणांक म्हणा की." तेच नाव राहिलं. चाळीस ते साठ मुरणांक असला तर उजेड सोडायचा. औषधाआधी अर्थातच शून्य.

आणि इथे एकतीस.

केंद्रप्रमुख डॉ. कुरुंदवाडे कमी बोलतात. बोलतात ते ऐकावं लागतं. "यांनी हे औषध आधी कुठे घेतलंय?"

"कुठेच मिळत नाही, सर."

"मग भिंतीत काय आहे?"

मी पडद्यावरचा एकतीस पुन्हा वाचला.

"कारण कळेपर्यंत यांना टोचायचं नाही. महिनाअखेर चाचणीची ही तुकडी बंद होतेय. पुढची पुढच्या वर्षी." थोडं थांबून ते म्हणाले, "सासरे आहेत म्हणून सूट नाही, रोहिणी."

सूट मला नकोच होती. पण पुढच्या वर्षापर्यंत आप्पांच्या रोहिण्या थांबतील असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं.

मी दोन दिवस डोकं फोडून घेतलं. यंत्राचा प्रत्येक भाग उलगडून पाहिला. तिसऱ्या दिवशी डबा खाताना कोथिंबिरीकडे बघत बसले आणि लक्षात आलं. आमचं औषध बनतं कशापासून? हरितद्रव्यापासून. पानांना हिरवं करणारं तेच. म्हणजे औषध आणि पालेभाजी एकाच घराण्यातली, सख्खी चुलत भावंडं. माझं यंत्र एकाला ओळखतं, तर दुसऱ्यालाही ओळखणारच. त्याला बिचाऱ्याला आडनाव तेवढं कळतं.

पण पालेभाजी सगळेच खातात, मग सगळेच का नाही उजळत? कारण ताजं हरितद्रव्य पोटातून तसंच पुढे जातं. तेच आंबटात शिजवलं आणि ठेवून दिलं की त्याच्या पोटातलं मॅग्नेशियम निघतं, शेपूट गळतं, हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो. आता ते हलकं आणि चिकट झालेलं असतं. आतड्यातून रक्तात शिरतं आणि मेद दिसला की तिथे बसतं. म्हणजे आप्पा रोज काहीतरी हिरवं, आंबट आणि शिळं खात होते.

संध्याकाळी चिमटा घरी नेला आणि सासूबाईंच्या गळ्याला लावला. वय जवळपास तेच, तोच ओटा, तीच भाजी, आणि कोलेस्टेरॉलही आप्पांच्या तोडीस तोड. आकडा आला शून्य.

"चांगलं हाय का वाईट?" आईंनी विचारलं.

"तुमचं चांगलं आहे. पण आप्पांचं एकतीस आलंय. म्हणजे आप्पा दुसरीकडे काहीतरी खातात."

हे मी भौतिकशास्त्रज्ञ म्हणून बोलले. सून म्हणून बोलायला नको होतं. आईंच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं.

"दुसरीकडं म्हंजे?"

माझा नवरा सोमेश लगेच उठून फोन चार्जिंगला लावायला गेला. फोन आधीच चार्जिंगला होता.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना गणेश तलावाच्या कट्ट्यावर गाठलं. ते रोज सकाळी तिथे फिरायला जातात. निदान आमचा तसा समज होता.

"आप्पा, फिरायला आल्यावर काय खाता?"

"हवा."

"हवेनं एकतीस मुरत नाही."

"मिरजेची हवा दमट हाय."

"आप्पा!"

त्यांनी खाकरून घसा साफ केला. मग पुन्हा केला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. शेवटी तळ्याकडे तोंड करून म्हणाले, "आक्काकडं जातो."

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, आमची नीलाआत्या. तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत एकटी राहते. आमच्या घरात तिचं नाव काढत नाहीत. आमच्या लग्नाच्या पंगतीत अळूची भाजी होती. आचाऱ्याच्या उरावर उभं राहून आईंनी ती करून घेतली होती. नीलाआत्यानं एक घास घेतला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "घसा धरला गं बाई!" झालं. व्याह्यांसमोर, म्हणजे माझ्या आईवडिलांसमोर, नाक कापलं गेलं. त्या दिवसापासून आईंनी त्या घरचं पाणी सोडलं.

"आणि आत्या तुम्हाला काय देते?"

आप्पांचा चेहरा एकदम खुलला. "अळूचं गरगट्टं! आंबट चुका आणि चिंच घालून. आदल्या दिशी करून ठेवती, दुसऱ्या दिशी देती. मुरल्यावर चव येती त्याला." मग आवाज उतरला. "गिरिजाला सांगू नगंस. मेलो तरी सांगू नगंस."

"मरायचाच प्रश्न आहे, आप्पा," मी म्हणाले आणि मला एकदम रडू आलं. ते बघून आप्पा घाबरले. त्यांनी मला सगळं सांगायची परवानगी दिली, फक्त त्या वेळी आपण घरात नसावं अशी अट घातली. मी ती अट मान्य केली नाही.

डॉ. कुरुंदवाड्यांना मी अळूचं शास्त्र फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "ठीक. ते खाणं सोडलं की आकडा उतरेल. पण उतरला म्हणजे कारण कळलं असं होत नाही. दुसऱ्या कुणाला तरी तेच खायला घालून चढवून दाखवा. त्याच वयाचं माणूस, त्याच घरचं जेवण, रोहिणीत किटण, आणि सुरुवातीला शून्य. रोज मोजून एक वाटी. पंधरवड्यानं तुमच्या गणिताइतका आकडा आला तर मी सही करतो."

"गणितानं पंधरा यायला पाहिजे."

"पंधरा दाखवा. असं कुणी आहे का?"

होतं एक माणूस. मला घरी जावंसं वाटेना.

आई भाकऱ्या थापत होत्या. मी सगळं सांगितलं. आप्पा दाराशी उभे होते, एक हात चौकटीवर. आईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"लगीन झाल्यापासनं," आप्पा म्हणाले.

"कुणाचं?"

"हिचं. रोहिणीचं."

"म्हंजे मी तिचं तोंड बघायचं सोडलं तवापासनं." आईंनी भाकरी उलटली. "आणि घरी येऊन अर्धी भाकरी टाकत हुता. भूक न्हाई म्हणत हुता. मला वाटायचं काळजानं भूक गेली माणसाची. मी सोमवार धरले वो तुमच्या भुकेसाठी!" त्यांचा आवाज फाटला. पदरानं डोळे पुसताना पीठ गालाला लागलं. आप्पांनी चौकटीवर एकदा टकटक केलं आणि हात काढून घेतला.

मग मी उरलेलं सांगितलं. रोज एक वाटी, नीलाआत्याच्या हातचं, तिच्याच पद्धतीनं.

"मी? तिच्या दारात? अळू खायला?"

"मी डब्यात आणून देते, आई. तुम्हाला जायला नको."

"डब्यात?" त्या ताठ झाल्या. "चोरून? ह्यांच्यावानी? न्हाई. खायचं तर तिच्या घरात बसून, तिच्या समोर खाईन. आणि घसा धरला तर तिथंच सांगीन. गल्लीला ऐकू जाईल असं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. नीलाआत्या उंच आणि हाडकुळी. दार उघडून तिनं आईंना पाहिलं आणि तिचा हात कपाळाला गेला.

"कोण गेलं?"

"अजून कोण न्हाई. म्हणून आलेय, वन्सं."

मी पुन्हा सगळं सांगितलं. मध्येच नीलाआत्या मटकन खाली बसली. "म्हंजे मी त्याला रोज विष घातलं का गं? माझ्या हातानं?"

"नाही, आत्या. अळूनं काही बिघडवलं नाही. फक्त त्याच्या उजेडात डॉक्टरांना औषधाचा उजेड दिसणार नाही."

तिला ते कितपत कळलं कोण जाणे. पण ती उठली, पाटावर पान मांडलं, आणि मी दिलेल्या मापाच्या वाटीनं गरगट्टं वाढलं. शेवाळी रंगाचं, घट्ट, वर लसणीची फोडणी. आई मुकाट्यानं जेवल्या. नीलाआत्या समोर उभी राहून बघत होती; माझ्या प्रयोगशाळेतही कुणी आकड्याकडे एवढ्या काळजीनं बघत नाही.

"घसा?" शेवटी तिनं विचारलं.

आई पाणी प्यायल्या. त्या घरचं. "अजून कळंना. उद्या बघू."

मग रोज बारा वाजता रिक्षा यायची आणि आई जायच्या. आल्या की अहवाल द्यायच्या. पहिल्या दिवशी मीठ जास्त होतं. दुसऱ्या दिवशी चुका कमी होता. मग, वन्संचा गॅस नीट पेटत नाही. मग, वन्संच्या गुडघ्याला तेल लावायला कोणी नाही. मग एक दिवस अहवालच नाही, नुसत्या खिडकीशी बसून सुपारी चघळत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझी छत्री मागितली, ऊन सोसवत नाही म्हणाल्या. चेहरा तांबूस दिसत होता; औषधाच्या त्या भावंडाला कातडीखाली ऊन जागं करत होतं. तशी तांबडी झाक मी आप्पांच्या चेहऱ्यावर कितीदा पाहिली होती आणि उन्हातान्हातलं काम म्हणून सोडून दिली होती. एवढं शिकून मी काय उजेड पाडला, असं मला त्या वेळी वाटलं.

घरी आप्पांना हिरवं बंद. दुधी, पडवळ, मुगाचं वरण. ते निमूट खायचे, पण आई रिक्षातून उतरल्या की दारात हजर.

"आज कसं हुतं?"

"हुतं."

"शेंगदाणे घातलेले का?"

"घातलेले."

"वर कच्चं तेल?"

"तुम्ही दुधी खावा."

बायको आपल्या बहिणीकडे जेवते याचा आनंद मानावा की आपलं अळू ती खाते याचं दुःख करावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. दिवसातून दोनदा ते मला विचारायचे, "एकच वाटी खाती न्हवं?"

पंधरवडा संपला. डॉ. कुरुंदवाडे स्वतः येऊन खुर्ची ओढून बसले. आधी आप्पा. चिमटा लावला. आकडा आला तीन.

"उतरला," डॉक्टर म्हणाले. "आता चढलेला दाखवा."

आई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. मी चिमटा लावला. फळ्यावर माझ्या अक्षरात मोठ्ठा पंधरा लिहिलेला होता. मिनिट संपलं आणि पडद्यावर आकडा आला.

सत्तेचाळीस.

मी दुसऱ्या बाजूच्या गळ्याला लावून पाहिलं. तिथेही सत्तेचाळीस. पंधराचे सतरा आले असते तर चाललं असतं. सत्तेचाळीस म्हणजे मला यातलं काहीच कळलेलं नाही, आणि आप्पांच्या गळ्यातला एकतीसही अळूचा होता की आणखी कशाचा ते देव जाणे.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "गणित बसत नाही, रोहिणी."

"सर, एकच मिनिट. आई, रोज एकच वाटी ना?"

आई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"आई?"

"माप तू दिलं हुतंस न्हवं," त्या म्हणाल्या. हे काही उत्तर नव्हतं.

"वाटी किती वेळा भरली?"

आईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. नेहमीची थट्टा नव्हती. ते घाबरले होते आणि ते लपवायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. आईंनी मान खाली घातली.

"तीन," त्या पुटपुटल्या.

"तीन दिवस?"

"तीन वाट्या. रोज." आणि मग, एकदा फुटलंच आहे तर सगळंच, "गेल्या सोमवारी चार. फोडणी चांगली बसली हुती."

मी फळ्याकडे धावले. पंधरा गुणिले तीन, पंचेचाळीस. त्यावर सोमवारची एक जास्तीची वाटी, ताजी म्हणून तिचे दोन. खडू मोडला तरी मी लिहीत होते. डॉक्टर उठून फळ्यापाशी आले, दोन्ही ओळी बोटानं वाचल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

"बसलं," ते म्हणाले. "उलट एका वाटीपेक्षा हा पुरावा चांगला. परवा टोचू या."

मला आईंना मिठी मारायची होती. पण आप्पांनी हात वर केला, पंचांनी सामना थांबवावा तसा.

"थांबा. गिरिजा, आक्कानं वाढलं का तू मागितलंस?"

"आप्पा," डॉक्टर म्हणाले, "तो प्रश्न या चाचणीत येत नाही."

"माझ्यात येतो."

आईंनी पदर सारखा केला. गळ्यावरचा चिमटा अजून तसाच होता. तो काढायचं माझ्या लक्षात नव्हतं. पडद्यावर त्यांच्या नाडीचे ठोके दिसत होते, आणि ते जोरात पडत होते.

"मागितलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं."

आप्पा खुर्चीत मागे टेकले. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला, आणि शर्टाची बाही वर सारून दंड पुढे केला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आता कवा बी टोचा."